सोनेरी काठाचं चिलखत

बालमित्रांनो, 'शिक्षकाने लिहिलेला ऑनलाइन खेळांवरचा लेख' असं म्हटलं की तुमच्या कपाळावर आठ्या पडणार, हे मला ठाऊक आहे. आता हे सर आपल्याला 'मोबाइल ठेवा आणि पाढे म्हणा' असं सांगणार! घाबरू नका. पाढे शाळेत आहेतच. आज मी तुम्हाला खेळायच्या युक्त्या सांगणार आहे. आणि त्या कुठे वाचून नाही, स्वतः खेळून, हरून आणि एकदा तर चांगलं फसून शिकलेल्या आहेत, बरं का!

मी पवईचा. इथेच वाढलो आणि इथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवतो. २००५ साली मी नववीत होतो. तेव्हा आमच्या घरी संगणक नव्हता. आयआयटीच्या मेन गेटजवळच्या एका गल्लीत सायबर कॅफे होता. सहा संगणक, त्यातले दोन नेहमी बंद आणि तासाचे वीस रुपये. तिथे एका मित्राने मला 'रुनस्केप' नावाचा खेळ दाखवला आणि माझी दर शनिवारची संध्याकाळ त्या अंधाऱ्या खोलीत जाऊ लागली.

'रोल-प्लेइंग' म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ. हे काही परदेशातून आलेलं नवल नाही. भातुकलीत तुम्ही आई होता, बाबा होता, दुकानदार होता, तेच हे. फरक एवढाच, की इथे जगभरचे हजारो लोक एकाच भातुकलीत बसलेले असतात. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी असा एक खेळ बनवला. त्यात चित्रं अजिबात नव्हती, नुसते शब्द! 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं आणि पुढे काय दिसतं ते वाचायचं. पुढे चित्रं आली, रंग आले, इंटरनेट आलं. २००१ साली इंग्लंडमधल्याच गॉवर बंधूंचा रुनस्केप सुरू झाला. तो साध्या ब्राउझरमध्ये चालायचा, म्हणून तर आमच्या कॅफेतल्या म्हाताऱ्या संगणकांवरही तो निघायचा.

चला, आता युक्त्यांकडे वळू या. खेळ कोणताही असो, पहिल्या चार सगळीकडे उपयोगी पडतात.

युक्ती पहिली : समोर आलेला मजकूर पुरता वाचा. रुनस्केपमधल्या सुरुवातीच्या कामगिऱ्यांपैकी एक किल्ल्यातल्या आचाऱ्याची आहे. सरदाराचा वाढदिवस आहे, केक करायचाय आणि सामान नाही. त्याला अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं. सोपं वाटतं ना? मी शेतातून गहू काढला, पवनचक्कीवर चढलो, गहू वर टाकला आणि धावत खाली आलो. पीठच नाही! कळ ओढायची राहिली होती. पुन्हा वर गेलो, कळ ओढली, खाली आलो. आता पीठ होतं, पण घ्यायला भांडं नव्हतं! शेजारचा मुलगा माझ्या नंतर आला आणि माझ्या आधी केक देऊन मोकळा झाला. का? तो सूचना वाचत होता आणि मी नुसता क्लिक करत होतो. आम्ही दोघंही मराठी शाळेतले. पुढच्या शनिवारी मी दप्तरात डिक्शनरी घेऊन गेलो. माझं इंग्रजी सुधारलं त्याचं थोडं श्रेय त्या आचाऱ्याला आहे!

युक्ती दुसरी : सगळं सामान अंगावर घेऊन फिरू नका. त्या खेळात पिशवीला २८ कप्पे आणि मौल्यवान वस्तू ठेवायला बँक. नवा खेळाडू आपली सगळी कमाई मिरवत फिरतो. मग उत्तरेकडच्या ओसाड रानात शिरतो, तिथे दुसरे खेळाडू हल्ला करतात आणि मिरवणूक तिथेच संपते. निघण्यापूर्वी स्वतःला विचारा, 'आजच्या कामाला काय काय लागेल?' तेवढंच घ्या. सहलीला जाताना आई आपलं दप्तर रिकामं करून फक्त डबा आणि पाण्याची बाटली देते, तसंच हे.

युक्ती तिसरी : आपल्यापेक्षा कोण भारी आणि आपण कोणावर भारी, हे ओळखा. तलवारवाला योद्धा तिरंदाजावर भारी पडतो, तिरंदाज जादूगारावर आणि जादूगार योद्ध्यावर. म्हणजे सगळ्यांवर भारी असा कोणीच नाही. आमच्या पवईत तिरंदाज नावाचं जुनं गाव आहे, त्यामुळे आम्ही सगळे हट्टाने तिरंदाजच व्हायचो आणि योद्ध्यांचा मार खायचो. एकदा ठरवलं, की एकाने योद्धा व्हायचं, एकाने जादूगार. त्या दिवसापासून जिंकू लागलो. ज्या खेळांत टोळी करून खेळायचं असतं, तिथे तर जखमा भरून काढणारा एक वैद्य लागतोच. तो कोणालाच व्हायचं नसतं. तुम्ही व्हा. मग बघा, तुम्हाला टोळीत घ्यायला कशी भांडणं होतात!

युक्ती चौथी : लेव्हलचं गणित समजून घ्या. पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला ८३ गुण लागतात. तेव्हाची सर्वांत वरची लेव्हल ९९वी. तिला लागायचे १,३०,३४,४३१ गुण. आता सांगा, निम्मा रस्ता कितव्या लेव्हलला संपतो? पन्नासाव्या? चूक! ९२व्या लेव्हलला ६५,१७,२५३ गुण होतात, म्हणजे ९२व्या लेव्हलला तुम्ही जेमतेम अर्ध्यावर पोचता. उरलेल्या सात लेव्हलना तेवढाच वेळ. हे मी वर्गात फळ्यावर मांडतो, तेव्हा मुलं 'आँ?' करतात. खेळ बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलेलं असतं. सुरुवातीला बक्षिसं पटापट, मग एकेक बक्षीस लांब लांब. म्हणजे आपण 'आता आलीच' म्हणत बसून राहतो. कॅफेत तास संपला, की काका टेबलावर टकटक करायचे. घरात टकटक करायला कोणी नसतं. म्हणून खेळायला बसण्यापूर्वीच ठरवा, की आज एवढं एक काम झालं की बंद. हे कागदावर लिहून समोर ठेवा. आपल्या टेबलावर आपणच टकटक करायची.

आणि याच गणितातून मी फसलो. ती गोष्ट आता ऐका.

लांबचा रस्ता दिसला, की माणूस आडवाट शोधतो. मी कित्येक शनिवार खेळातल्या करम्जा बेटावर शेवंड पकडत होतो. ती विकून नाणी जमवली आणि हिरवट रंगाचं ॲडमंट चिलखत घेतलं. काय ऐट होती माझी! तेवढ्यात एक खेळाडू आला. त्याच्या चिलखताला सोनेरी काठ होता. तो म्हणाला, 'तुझ्याही चिलखताला काठ लावून देऊ? फुकट. मला फक्त सराव करायचाय.' देवघेवीची खिडकी उघडली. माझ्या बाजूला चिलखत, त्याच्या बाजूला काहीच नाही. खेळाने विचारलं, 'मान्य?' मी हो म्हटलं. मग दुसरी खिडकी आली, 'नक्की मान्य?' मी पुन्हा हो म्हटलं. पुढच्या क्षणी तो नाहीसा झाला. मी बराच वेळ तिथेच उभा होतो, परत येईल म्हणून!

नंतर कळलं, की त्या खेळात दुसऱ्याच्या चिलखताला काठ लावणं कोणालाच शक्य नव्हतं. काठाचं चिलखत मिळायचं ते फक्त खजिन्याच्या शोधातून. म्हणजे मी खेळाचा नियम वाचला असता, तर फसलो नसतो. ही चोरी जगभर इतकी चालली, की जुन्या खेळाडूंमध्ये 'फुकट काठ लावून देतो' हा विनोदच होऊन बसला. दुसरी एक अशीच. 'तू मला नाणी दे, मी दुप्पट करून देतो.' पहिल्यांदा थोडी घेऊन खरंच दुप्पट देतात. मग तुम्ही सगळी देता आणि तो पळतो. तिसरी तर कहरच. 'इथे पासवर्ड टाइप केला की आपोआप फुल्या दिसतात, करून बघ!' फुल्या दिसत नाहीत. पासवर्ड दिसतो.

म्हणून पाचवी युक्ती : आडवाटेवरच चोर बसलेला असतो. 'फुकट', 'दुप्पट', 'लवकर कर' आणि 'कोणाला सांगू नकोस' हे चार शब्द ऐकले, की खेळातून हात काढून घ्या. पासवर्ड कोणालाही नाही. आईबाबांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी तर कोणालाच नाही, अगदी खेळाच्या कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. खेळात तुम्ही खुशाल जादूगार असा, पण आपलं खरं नाव, शाळा, घराचा पत्ता आणि फोटो खेळाच्या बाहेर ठेवा. आणि खेळायला किती वय लागतं ते आधी मोठ्यांसोबत वाचा. खोटं वय टाकून शिरायचं नाही.

ही चिलखताची गोष्ट मी दर वर्षी चौथीच्या वर्गात सांगतो. मुलं पोट धरून हसतात. सरांना कोणीतरी गंडवलं, याहून मजेची गोष्ट दुसरी कोणती?

गेल्या वर्षी एके सकाळी वर्गातला एक मुलगा प्रार्थनेआधीच माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याचं नाव सांगत नाही, कारण तोही हे साप्ताहिक वाचतो. चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "सर, मी पण काठ लावायला दिला." तो दुसराच एक खेळ खेळत होता, मोठ्या भावाच्या खात्यावर. कोणीतरी 'फुकट हिरे देतो' म्हणून पासवर्ड घेतला होता. रात्री त्याच माणसाने आईच्या मोबाइलवर येणारा नंबर मागितला. तेव्हा याला माझी दुसरी खिडकी आठवली, 'नक्की मान्य?' आणि त्याने मोबाइल बंद केला. रात्रभर झोप नाही. घरी सांगितलं तर मार बसेल, म्हणून शाळेत आला.

त्याच्या आईला बोलावलं. त्या रागावल्या होत्याच, पण मी म्हटलं, "ताई, आधी पासवर्ड बदलू, मग रागवा." शाळेच्या ऑफिसात बसून पासवर्ड बदलला, बँकेचं खातं तपासलं. पैसे गेले नव्हते. आणि रागवायचं मग राहूनच गेलं.

जाता जाता त्या मुलाने मला विचारलं, "सर, तुम्ही तेव्हा तुमच्या आईला सांगितलंत का?"

मुलांनो, मला उत्तर देता आलं नाही. मी सांगितलं नव्हतं. कारण त्या दिवशीचे कॅफेचे वीस रुपये मी दळणाच्या पैशांतून घेतले होते. गिरणीवाल्याला 'नंतर देतो' म्हटलं आणि घरी 'दिले' म्हटलं. चिलखत गेल्याचं सांगायचं, तर वीस रुपयांचंही सांगावं लागलं असतं. म्हणून दोन्ही पोटात ठेवलं. पुढच्या महिन्यात वह्यांच्या पैशांतून गिरणीवाल्याचे भागवले, म्हणजे आणखी एक खोटं. चिलखताचं दुःख आठ दिवसांत संपलं. दुसरं इतकी वर्षं आतच राहिलं.

त्या संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. कॅफे, शेवंड, चिलखत, दळणाचे पैसे. तिने शांतपणे ऐकलं. वीस रुपयांबद्दल एक शब्द बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मग ते चिलखत मिळालं का रे परत?"

मी म्हटलं, "नाही गं."

"अरेरे," आई म्हणाली. "इतके मासे धरलेस ते फुकटच गेले."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. वीस वर्षं मी उगाच घाबरलो होतो!

आता दोन शब्द पालकांसाठी. मूल फसलं, तर पहिला प्रश्न 'काय गेलं?' हा असू द्या, 'का खेळलास?' हा नंतर. जे मूल घाबरतं, ते लपवतं आणि चोराला तेच हवं असतं. पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे, हेही मुलांना समजावून सांगा. आणि जमलं तर एखाद्या रविवारी मुलाशेजारी बसून म्हणा, "मला शिकव." तुम्हीही गहू टाकून कळ ओढायला विसराल. मुलं खूप हसतील. हसू द्या.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी सहावी आणि शेवटची युक्ती : काही चुकलं, तर त्याच दिवशी घरात कोणाला तरी सांगून टाका. ही युक्ती शिकायला मला वीस वर्षं लागली. तुम्हाला एक दिवसही लागू नये, म्हणून तर हे सगळं लिहिलं. मग, सांगाल ना?