गाडीच्या पोटांतलें तेल

मोटारीच्या इंजिनाचें तेल बदलण्याची आठवण सर्वांना राहते. चाकांतल्या हवेचीहि राहते. परंतु मागच्या दोन चाकांच्या मध्यभागीं, आंसाच्या पोटाशीं, जो ओतीव लोखंडाचा गोळा लोंबत असतो त्यांतहि तेल असतें आणि तेंहि केव्हां तरी जुनें होतें, हें बहुतेक मालकांच्या गांवींहि नसतें. या गोळ्याला डिफरन्शियल म्हणतात. मिस्त्रीलोक त्याचा उच्चार आपापल्या सोयीनें करतात. माझ्या एका भाषाभिमानी मित्रानें त्याला 'भेदयंत्र' असें नांव सुचविलें होतें. तें सुदैवानें रूढ झालें नाहीं.

खळ्यावरची मळणी ज्यांनीं पाहिली असेल त्यांना या यंत्राचें मर्म सांगावयास नको. बैलांची पात फिरूं लागली कीं तिवड्यालगतचा म्हातारा बैल जागच्या जागीं घुटमळल्यासारखा चालतो आणि कडेच्या तरण्या बैलाला पळावें लागतें. वळणावर मोटारीच्या चाकांची स्थिति हीच. दोन चाकांत साडेचार फुटांचें अंतर असेल, तर काटकोनांत वळतांना बाहेरच्या चाकाला आंतल्याहून सुमारें ७ फूट अधिक धांवावें लागतें. मग वळण लहान असो कीं मोठें! दोन्ही चाकें एकाच आंसाला जखडलेलीं असतील तर एक फरफटत जाईल. यावर दंतचक्रांची युक्ति १८२७ च्या सुमारास ओनेसिफोर पेकर या फ्रेंच गृहस्थानें वाफेच्या गाडीसाठीं योजली, आणि आजहि बहुतेक मोटारी तिच्याच जोरावर वळतात.

माझ्या पिकअपला असे गोळे दोन आहेत, कारण ती चारहि चाकांना जोर देणारी आहे. अशा वाहनाची हौस माझ्यासारख्या शेक्सपिअर शिकविणाऱ्याला नव्हती. परंतु वडील बंधू वारले आणि कोंकणांतल्या आंब्याच्या बागेची चिंता माझ्याकडे आली. बागेची वाट कातळावरून उभी उतरते; पहिल्या पावसांतच तिची घसरगुंडी होते. म्हणून ही जुनी गाडी घेतली. विकणाऱ्या गृहस्थांनीं चहा पाजला आणि "गाडीला नदीचं पाणी कधीं लागलं नाहीं," अशी ग्वाही दिली. गाडीच्या वहींत इंजिनाच्या तेलाच्या नोंदी होत्या. या गोळ्यांविषयीं एक अक्षर नव्हतें. त्यांतले दांते किंवा बेअरिंग उतारावर अडकून बसलें तर मागचीं चाकें जागीं थांबतात. मागें पेट्या, शेजारीं वहिनी, आणि खालीं तो उतार! हें चित्र मनांत येऊं लागल्यावर मी स्वस्थ बसेना.

मिस्त्रीनें गाडी सपाट जागीं घेऊन चाकांना दगड लावले. मी खालच्या बुचाकडे बोट दाखविलें तेव्हां तो म्हणाला, "सर, आधीं वरचं बूच. तेल काढलं आणि वरचं उघडलंच नाहीं, तर नवं घालणार कुठून?" एवढें तारतम्य मीं पुष्कळ विद्वानांत पाहिलेलें नाहीं.

बूच निघतांच गंधकाचा दर्प आला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे गल्लींत येतो तसा. या गोळ्यांतले दांते एकमेकांवर नुसते टेंकत नाहींत, घासत घसरतात. साधें तेल त्यांच्यामधून पिळून निघून जाईल. म्हणून धातूला चिकटून राहणारीं गंधकयुक्त द्रव्यें त्यांत मिसळलेलीं असतात. पण रंग पाहून मिस्त्री गप्प झाला. तेल काळें नव्हतें; दूध घातलेल्या चहासारखें होतें. तापलेला गोळा थंड ओढ्यांत शिरला कीं आंतली हवा आकसते आणि श्वासनळींतून पाणी आंत ओढलें जातें. म्हणजे ग्वाही देणाऱ्यांची गाडी चांगली पोहलेली होती! जुन्या पोथीच्या समासांतील टिपणांवरून तिच्या धन्याचा स्वभाव ओळखणें हा माझा आवडता उद्योग आहे. परंतु इतकें स्पष्ट टिपण माझ्या हातीं क्वचितच आलें असेल.

आतां प्रश्न उरला बुचाच्या टोंकावरील लोहचुंबकाचा. लोखंडाचे कपचे तेथें चिकटले असते तर सबंध गोळा उघडावा लागला असता, आणि यंदाच्या आंब्याचे पैसे त्यांतच गेले असते. मिस्त्रीनें चुंबकावरचा करडा लेप दोन बोटांत चोळला, उजेडाकडे धरला, पुन्हां चोळला.

"काजळ आहे, सर. कण नाहींत. वांचली."

पुढच्या गोळ्यांतलें तेलहि तसेंच, जरा फिकें निघालें. तांब्याच्या नव्या चकत्या बसविल्या. नवें तेल हातपंपानें घातलें. तें वरच्या भोंकाच्या कांठाशीं येऊन ओघळूं लागलें कीं पुरे. आंतल्या सांदींत पाणी राहिलें असणारच, म्हणून पांचशें किलोमीटर झाल्यावर हें सर्व पुन्हां करावयाचें ठरलें.

वहिनी ओटीवरून पाहत होत्या. "भावोजी, तें जुनं तेल कुंपणाच्या खांबांना लावूं का? वाळवी लागत नाहीं. हे लावायचे." मीं नको म्हटलें, कारण विहीर कुंपणाच्या खालच्या अंगाला आहे. त्यांना तें पटलें कीं नाहीं कोण जाणे. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मिस्त्रीनें तेल डब्यांत भरून आपल्याबरोबर नेलें.