फूल सुकल्यानंतर

फुलाच्या स्वागताचे शास्त्र आपल्या लोकांस उत्तम अवगत आहे. ते सुकल्यानंतर झाडाचे काय करावे, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते. दोन वर्षांमागील कार्तिकात आमच्या कन्येने हॉलंडात बसल्या बसल्या येथील एका दुकानास कळवून आम्हांस एक गड्डा पाठविला. ती त्या वेळी गरोदर होती, आणि आईबापांचे चित्त आपल्या काळजीवाचून दुसऱ्या कशात तरी गुंतावे, असा तिचा हेतु असावा. गड्डा मोठ्या कांद्याएवढा, तपकिरी सालीचा, पाहून कोणास मोह पडावा असे त्यात काही नव्हते. पेटीवर नाव होते 'अमॅरिलिस'.

हे नाव वस्तुतः त्याचे नव्हेच. खरी अमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेतील. कुंडीत लावितात ती दक्षिण अमेरिकेच्या वंशातील. विल्यम हर्बर्ट या इंग्रज धर्मोपदेशकाने १८२१ साली तिला 'हिपिअ‍ॅस्ट्रम' असे निराळे नाव दिले. तथापि वाद मिटला नाही. अखेर १९८७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जुने नाव आफ्रिकेच्या पदरात टाकिले. दुकानदारांनी हा निकाल अद्याप मानलेला नाही. मूळची अमॅरिलिस व्हर्जिलच्या गोपगीतांतील एक गोपकन्या. मिल्टनच्या १६३७ सालच्या 'लिसिडस'मध्येही तिच्यासह छायेत रमण्याची गोष्ट आहे. तिच्या खाण्यापिण्याची चौकशी त्यानेही केलेली नाही. इंग्रजीचे अध्यापक या नात्याने एवढे सर्व आम्हांस ठाऊक होते, हे येथे मुद्दाम सांगून ठेवितो.

पौषात दांडा हातभर वाढला आणि त्यावर तांबडीभडक चार फुले आली. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले, छायाचित्रे निघाली. फुले माना टाकू लागली त्याच सुमारास सौ. मुलीच्या बाळंतपणासाठी निघाली. तिने डब्याडब्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या, आणि कुंडीकडे बोट दाखवून 'फुलं वाळली की कापून टाका' एवढे सांगितले. खाली गाडी उभी होती. पुढचे वाक्य राहून गेले.

फुलांमागून पाने आली. ती लांब, पट्ट्यासारखी, आणि स्वभावाने आडवी. आमच्या टेबलावर, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर, ती खुशाल लोळू लागली. एके दिवशी तपासणीच्या त्राग्यात आम्ही कात्री घेतली, आणि वाळल्या फुलांबरोबर दांडा आणि पानेही मेथीची जुडी कापावी तशी कापून टाकिली. टेबल स्वच्छ झाले. आम्हांस समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

फाल्गुनात नातू झाला. मग रोज रात्री दूरध्वनीच्या पडद्यावर त्याचे दर्शन होऊ लागले. त्याची जांभई, त्याची मूठ, त्याच्या कपाळावरची आठी, कशाचेच कौतुक आम्हांस पुरे होईना. असेच एकदा सौ. म्हणाली, "अहो, कुंडी दाखवा पाहू." आम्ही ती काहीशा अभिमानानेच पुढे धरिली. क्षणभर ती बोलली नाही.

"पानं कापलीत? मग ती आता खाणार कशानं? फूल म्हणजे तिचं बाळंतपण. ते झालं की तिला पोसायचं असतं."

आणि मग, आवाज मुळीच न चढविता: "तुमचं तेव्हाही असंच झालं. बारशाला आलात, मुलीला मांडीवर घेतलंत, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात. मला कसं आहे, हे काही विचारलं नाहीत."

त्या गोष्टीस आता अठ्ठावीस वर्षे झाली. आम्ही राहतो तेथे पहाटेपासून एस. टी.चे कर्णे ऐकू येतात. स्वारगेटच्या याच स्थानकावरून, जेथे २०२४ पासून भुयारातली मेट्रोही येऊन थांबते, आम्ही त्या दिवशी साताऱ्याची गाडी धरिली होती. हातात पेढ्यांचा पुडा होता, पिशवीत दोन झबली होती. खंबाटकीच्या घाटात गाडी तापून थांबली, तेही स्मरते. मुलीचे नाक कोणावर गेले आहे यावर सासुरवाडीस झालेला वादही स्मरतो. सौ. त्या दिवशी कोणत्या खोलीत होती, हे मात्र कितीही आठवू गेलो तरी आठवत नाही.

त्या रात्री आम्ही मुलीला पुढे बोलाविले. तोवर आम्हांस पडद्यावर तिचे मुलाला धरणारे दोन हात काय ते दिसत. झोप लागते का, असे विचारिले. "नाही, बाबा," म्हणाली, आणि मग पुष्कळ वेळ बोलत राहिली. हॉलंडात 'क्राम्झोर्ख' नावाची एक चांगली व्यवस्था आहे. बाळंतपणानंतर सुमारे आठ दिवस एक शिकलेली बाई घरी येऊन मुलाबरोबर आईकडेही पाहते. परंतु नववा दिवस उजाडतोच. आई जवळ असूनही रात्री आपल्याला उगाच रडू येते, हे तिने तोपर्यंत कोणास सांगितले नव्हते. दुसऱ्याच दिवशी सौ. तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

गड्ड्याचे शास्त्र आम्ही त्यानंतर शिकलो. वाळलेली फुले तेवढी खुडावी, म्हणजे बी धरण्यात शक्ति जात नाही. दांडा हिरवा असेतो राहू द्यावा, कारण तोही उन्हातून अन्न करितो. पाने हे तर त्याचे स्वयंपाकघर. साधारण चार पानांमागे एक कळी गड्ड्याच्या पोटात धरते, आणि ती वर दिसण्याच्या कितीतरी महिने आधी. म्हणजे जेव्हा कुंडीकडे ढुंकूनही पाहावे असे वाटत नाही, त्याच दिवसांत पुढच्या फुलाचे भवितव्य ठरत असते. गुलटेकडीहून शेणखत व निंबोळी पेंड आणिली. कुंडी लहानच ठेविली, कारण मुळांस दाटी मानवते. गड्ड्याची मान मातीबाहेर राखिली आणि सकाळचे ऊन मिळेल अशा जागी तिला बसविले. चैत्रात एक पान आले. आम्ही त्याची बातमी हॉलंडास कळविली.

सौ. वैशाखात परत आली, आणि आमच्याकडे अळ्या वेचण्याचे काम आले. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या या झाडावर पडतात, आणि एका रात्रीत पानाची शीर तेवढी शिल्लक ठेवितात. पाणी साचले की गड्डा कुजतो, म्हणून कुंडी वळचणीस सरकविली. पुण्याच्या जुन्या बंगल्यांतून याच जातीची झाडे जमिनीत वर्षानुवर्षे पडून असतात व उन्हाळ्यात बिनबोभाट फुलतात. तिसऱ्या मजल्यावरच्या कुंडीस तेवढे स्वातंत्र्य कोठले! दसऱ्यानंतर पाणी तोडले. पाने आपण होऊन पिवळी पडली तेव्हाच कापली, आणि कुंडी दोन महिने पलंगाखाली अंधारात निजविली.

त्या वर्षी फूल आले नाही. सहा पाने आली. आम्ही खट्टू झालो, सौ. म्हणाली, "येऊ दे. अंग धरतेय अजून." त्या दिवाळीत मुलगी येऊन राहिली. नातू रांगता झाला होता, आणि गड्डा विषारी असतो, म्हणून कुंडी तेवढे दिवस कपाटावर होती. मुलगी दुपारी दोन दोन तास गाढ झोपे. त्या वेळी मुलाला आम्ही खाली नेऊन एस. टी. गाड्या दाखवीत असू.

आता पुन्हा माघ आला आहे. परवा कुंडी पलंगाखालून काढून पाणी दिले, आणि आज मानेशी हिरवे टोक दिसते. टोक जाड असेल तर कळी, चपटे असेल तर पान, असे जाणते सांगतात. आमच्या चष्म्यास ते जाड दिसते; सौ.च्या चष्म्यास चपटे. मुलीने छायाचित्र मागविले आहे.