ओळखपत्र

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र जेथे लिहिले, ते रिद्धपूर माझे गाव. वर्गात हे सांगताना छाती फुगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या शहाणपणाची ही गोष्ट.

गेल्या वर्षी संत्र्याच्या तोडीत बाबांच्या डोक्यात एकाएकी असह्य कळ आली नि ते कोसळले. मेंदूलगतची फुगलेली रक्तवाहिनी फुटली होती. ऑपरेशन झाले, जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर मात्र ते शून्यात बघत. मी मुकाट्याने माझे ओळखपत्र त्यांच्यासमोर धरले. काही नाही! बाहेर येऊन मीच म्हणालो, "बाबाचं डोस्कं गेलं वं माय." ती रात्रभर रडली.

वास्तविक हाक मारली की ते "आला काय रे बाबू?" म्हणत. पण परीक्षा घेताना मी बोलतच नव्हतो.

पुढे नेत्रतज्ज्ञांनी औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या नि आत पाहिले. दोन्ही डोळ्यांत रक्त! मेंदूभोवती रक्तस्राव झाला की कवटीतला दाब एकदम वाढतो. तो दृष्टिनाडीच्या वाटेने डोळ्यापर्यंत पोचतो, पडद्यावरच्या बारीक शिरा फुटतात आणि डोळ्यातल्या पारदर्शक गरात रक्त उतरते. १९०० साली फ्रेंच डॉक्टर तेर्सों यांनी हे नोंदले. विकाराला त्यांचेच नाव आहे. रोगी बेशुद्ध असला तर सांगणार कसा?

एका डोळ्यातले रक्त काही महिन्यांत आपोआप विरले. दुसऱ्यातले शस्त्रक्रियेने काढावे लागले. परवा बाबांनी ते ओळखपत्र मागून घेतले, उजेडात धरले.

"फोटोत लय वाळेल दिसून राह्यला बे तू," म्हणाले.