मशीन मागून येत नाही

घरच्या संगणकावर मी पंधराएक वर्षं गाणी केली; आधी धुळ्यात, मग नोकरीमुळे जळगावात. ‘स्टुडिओ’ म्हणजे आतली खोली, एक माइक आणि दारावर टांगलेली गोधडी. मे महिन्यात पंखा बंद करून गायचं, कारण माइकला पंख्याची घरघर आधी ऐकू येते. भारनियमनामुळे दर दोन मिनिटांनी ‘सेव्ह’ करायची बोटांना लागलेली सवय अजून सुटलेली नाही.

सॉफ्टवेअर होतं फ्रूटी लूप्स. बेल्जियमच्या इमेज-लाइननं ते १९९७ मध्ये आणलं. २००३ मध्ये त्याचं नाव एफएल स्टुडिओ झालं, तरी आम्ही ‘फ्रूटी’च म्हणत राहिलो. प्रत्येक वाद्यापुढे १६ चौकोन. हवा तो पेटवला की तिथे ठोका पडतो. ना उस्ताद, ना बँडवाल्यांची बिदागी. वरातीचं गाणं एकटा पोरगा खोलीत बसून करू शकतो, हे फार मोठं स्वातंत्र्य होतं.

अडलं ते कानबाईच्या गाण्यांपाशी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते, रात्री जागरण, सोमवारी विसर्जन. त्या रात्रीची अहिराणी गाणी आईला पाठ होती. १२० च्या लयीत एक चौकोन म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. आई ओळीच्या शेवटी श्वासाला थांबायची. तो थांबा कधी दोन चौकोनांचा, कधी पाच. हेडफोन काढून ती म्हणाली, ‘‘तुनं मशीन मना मांगे काबर नही येस?’’

खरंच होतं. ढोलकीवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. चौकोन कुणाकडेच बघत नाहीत. मग मी क्रम उलटा केला. आधी आईनं मोकळं गायचं, नंतर तिच्या ओळीओळीप्रमाणे मी लय कमीजास्त करायची. चार मिनिटांच्या गाण्याला चार रात्री लागत. वरातीसाठी ती गाणी कुणी मागितली नाहीत. नाचायला एकसारखा ठेका लागतो.

आता आई नाही. त्या प्रोजेक्ट फायली नव्या संगणकावर उघडतात, पण त्यांतली निम्मी वाद्यं सापडत नाहीत. साध्या वेव्ह फायली मात्र कुठेही वाजतात. त्यांत आईचं ठेक्याविना गायलेलं सगळं शाबूत आहे. आमच्या भाऊबंदांत कानबाईच्या रात्री हल्ली ते मोबाइलवर लावतात. बायका तिच्या मागून म्हणतात, आणि ती श्वासाला थांबली की त्याही थांबतात.