खळ्यावरची उधारी

माझ्या वडिलांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, तरी त्यांचं उभं आयुष्य पावसाकडे डोळे लावून गेलं. आमचं गाव मानोरा तालुक्यातलं, अरुणावतीच्या खोऱ्यातलं. तालुका पूर्वी अकोला जिल्ह्यात होता. 1 जुलै 1998 ला वाशिम वेगळा जिल्हा झाला, तेव्हा पारावर लोक हिशेब करत होते की कोणत्या कामाला आता कुठे जावं लागेल. वडील म्हणाले, "आपलं कोनतं काम अडलं हाये कचेरीत?" आणि रंधा मारायला लागले. खरंच काही अडलेलं नव्हतं. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचं कचेरीत फारसं काही नसतंच.

आमच्या घरी सुतारकी आणि लोहारकी दोन्ही चालायची. ओसरीत एका अंगाला वाकस, किकरं, पटाशी, सामता. दुसऱ्या अंगाला ऐरण आणि भाता. अक्षय्य तृतीया झाली की दारात औतांची रांग लागायची. कुणाच्या वखराची पास झिजलेली, कुणाच्या तिफणीचा फण सैल झालेला, कुणाचं रुमणं मोडलेलं. मृग जवळ आलेला असल्यामुळे प्रत्येकाला आपलं काम आजच हवं असे. त्या दिवसांत वडील रात्री कंदिलाच्या उजेडात तासायचे आणि भात्यावर आई बसायची. गावात सगळे सुतार म्हणून त्यांचंच नाव घेत, पण निम्मी लोहारकी आईची होती, हे मी इथे लिहून ठेवतो.

चाकाला धाव चढवायची असली की गल्लीतली पोरं शाळा बुडवून जमत. बारा आरे, सहा पुठे, मधे बाभळीचा तुंबा. सगळं खाचेत खाच बसवलेलं. या सांगाड्याला आवळून धरायचं काम लोखंडी धावेचं. वडील चाकाचा घेर सुतळीनं मापत, दिग्रसच्या बाजारातून आणलेली पट्टी वाकवत आणि ती घेरापेक्षा मुद्दाम बोटभर आखूड ठेवून जोडत. मग जमिनीवर गोवऱ्यांचा गोल रचून त्यात धाव तापत ठेवायची. पाच फुटी चाकाची धाव लालभडक झाली की इंचाहून जास्त वाढते. तेवढ्याच ढिलाईत तिघांनी सांडशीनं उचलून ती चाकावर टाकायची आणि वरून घण घालायचे. लाकूड पेट घेई, धुरानं डोळे भरत, आणि तेवढ्यात आई घागरीमागून घागर ओतू लागे. लोखंड आकसलं की सांधे कटकट वाजत मिटत. तो आवाज नीट आला नाही तर वडील धाव उतरवायला लावत. "आज मुकं राह्यलेलं चाक उनाळ्यात बोंबलते," असं त्यांचं म्हणणं. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला आमच्या वाटेनं तांड्यांवरच्या गाड्या जायच्या. ओसरीत बसल्या बसल्या नुसत्या खडखडाटावरून, आपण बांधलेलं चाक कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं, हे वडील सांगत. आपण केलेली वस्तू रोज डोळ्यांसमोरून जाणार असली की माणूस काम टाळू शकत नाही. दुकानातून अवजार घेणाऱ्याला ते घडवणारा ठाऊक नसतो आणि घडवणाऱ्याला ते कुठे झिजलं हे कळत नाही. वडिलांना ती सूट नव्हती.

मजुरीची गोष्ट मात्र निराळी होती. औतामागे वर्षाची ज्वारी ठरलेली, आणि ती मिळायची खळ्यावर. वरचं काम असलं की उत्तर एकच, "राहू द्या ना, खयावर पाहू." वडिलांना लिहिता येत नव्हतं. मागच्या खोलीची भिंत हीच त्यांची वही. कोळशाच्या उभ्या रेघा, आडव्या रेघा, मधे एखादी फुली. कोणती कुणाची, ते त्यांनाच ठाऊक. दिवाळीला आई सगळं घर चुन्यानं पोतायची, पण तो एक कोपरा काळाच ठेवायची, कारण ज्वारी दिवाळीनंतर निघायची. एखाद्या वर्षी पाऊस ऐन वेळी दगा देई. मग शेतकरी तोंड लपवे, वडीलही विचारत नसत, आणि त्या रेघा तशाच राहत. आई चिडून म्हणायची, "आता भिताडाले भाकर लावून खा."

यात वडिलांचा मोठेपणा होता असं मला पूर्ण वाटत नाही. थोडा भिडस्तपणा होता, थोडा हेका होता, आणि थोडं हेही होतं की मागणार तरी कुणाला? ज्याचं पीक गेलं तोच आमचं गिऱ्हाईक. बहात्तरच्या दुष्काळात ते आईसोबत खडी फोडायला गेले. तिथे त्यांच्या शेजारी, त्यांच्याच हातचं औत चालवणारे शेतकरी बसले होते. दुपारच्या सुट्टीत वडील लोकांच्या टिकावांना दांडे ठोकून द्यायचे, असं आई सांगायची. त्याचेही पैसे घेतले नाहीत, हे ती जरा जोर देऊन सांगायची.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त, 1915 सालच्या त्या पुस्तकात, बलुतेदारांवर बरेच ताशेरे आहेत. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यातले काही खरेही असतील. पण सुताराच्या बाजूनं लिहिलेलं असं पुस्तक माझ्या वाचनात आलं नाही.

वडिलांचं काम ट्रॅक्टरनं संपवलं असं गावात सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. ट्रॅक्टर सावकाश आला. त्याआधी सोयाबीन आलं. नव्वदच्या दशकात आमच्याकडची ज्वारी बघता बघता हटली आणि शिवारभर सोयाबीन झालं. ज्वारीचं खळं असायचं, बैलांची पात फिरायची, रास पडायची आणि राशीवर ज्याचा त्याचा वाटा निघायचा. सोयाबीन मळणी यंत्रातून थेट पोत्यात जातं आणि पोतं थेट बाजार समितीत. त्याची भाकर होत नाही, म्हणून ते घरात राहत नाही आणि सुताराला मापूनही कुणी देत नाही. खळंच उरलं नाही, तर "खयावर पाहू" म्हणणाऱ्यानं पाहायचं कुठे? शब्द मात्र लोकांच्या तोंडात पुढे कितीतरी वर्षं राहिला. रोख मागायची वडिलांच्या जिभेला सवय नव्हती आणि द्यायची गावाच्या हाताला.

रबरी टायरच्या लोखंडी गाड्या आल्या तेव्हा त्यांनी वेल्डिंग शिकायला हवं होतं. एका दुकानदारानं तसं बोलावलंही होतं. ते गेले नाहीत. "ते जोडनं नाही, चिकटवनं हाये," म्हणाले. ऐकायला बाणेदार वाटतं, पण त्या हट्टाची किंमत माझ्या मोठ्या भावानं भरली. त्याला शाळा सोडून सुरतेला जावं लागलं. तिथून त्यानं पाठवलेल्या पैशांवर दोघी बहिणींची लग्नं झाली. प्रत्येकीला वडिलांनी सागाचं पोळपाट स्वतः करून दिलं. एकीचं आजही वापरात आहे आणि कुठेही तडकलेलं नाही. दाराच्या चौकटी, बाजा, पाळणे असं मिळेल ते करत त्यांनी पुढची वर्षं काढली. गावात बाळ जन्मलं की पाळण्याला मात्र ते पैसे घेत नसत, आणि तिथे आईही कधी बोलली नाही.

2006 साली पंतप्रधान विदर्भात आले आणि आमच्या वाशिमसह सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पुढे 2008 ची केंद्राची कर्जमाफी, 2017 ची राज्याची, 2019 ची आणखी एक. शेतकऱ्याला ती मिळायलाच हवी होती, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण दर वेळी चावडीवर यादी लागली की माझ्या मनात येई, ज्या वर्षी याचं पीक बुडालं त्याच वर्षी आमची ज्वारीही बुडाली. मग आमची माफी कुणी करायची? वडिलांवर बँकेचं कर्ज नव्हतं, कारण बँकेनं त्यांना कधी दिलंच नाही. ते फक्त येणं सोडत आले होते. येणं सोडणाऱ्याची यादी होत नाही.

आता विश्वकर्मा योजना आहे. 17 सप्टेंबर 2023 ला ती सुरू झाली. सुतार-लोहारांसह 18 कारागिरीचे व्यवसाय तिच्यात धरले आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपये, 5 टक्के व्याजानं 3 लाखांपर्यंत कर्ज, शिवाय प्रशिक्षण. उशिरा का होईना, सरकारदरबारी सुताराचं नाव लागलं हे चांगलं झालं. वडील तोवर राहिले नव्हते. असते तरी त्यांना अवजारांची ददात नव्हतीच. वाकस आणि सामता शेवटपर्यंत धार लावून जागच्या जागी होते. वानवा होती ती कामाची, आणि केलेल्या कामाचे पैसे वेळेवर हातात पडण्याची.

म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा सुतार अजून ओसरीत बसत असेल, तर कुऱ्हाडीचा दांडा बाजारातून आणू नका, त्याच्याकडून बसवून घ्या. तो पैशाचं नाव काढणार नाही. तुम्हीच विचारा आणि उठायच्या आधी रोख द्या. सुगीवर ढकलू नका.