सतरा तारखेची स्तोत्रं

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीत बायबल वाचनाचं वेळापत्रक वाटतात. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन-सव्वातीन. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय उत्साहात होतात. जानेवारी सरत आला की लेवीय उघडतं, होमार्पणांचे आणि शुद्धीचे नियम सुरू होतात, आणि तिथे पुष्कळांचं वाचन थांबतं. यात कुणाच्या श्रद्धेचा दोष आहे असं मला वाटत नाही. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सहा-सात अध्याय अंगावर येतात; आठवडा चुकला की माणूस पुस्तक मिटून ठेवतो. चुकलेल्याला परत यायला ज्या नेमात दार नाही, तो संसारी माणसाकडून निभत नाही.

दार असलेला नेम मला दाखवला तो एका निवृत्त पाळकसाहेबांनी. ते जुन्या अँग्लिकन परंपरेत वाढलेले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि आपापल्या पद्धतीही घेऊन आल्या. साहेबांनी जपली होती ती 1662च्या प्रार्थनापुस्तकातली स्तोत्रांची वाटणी. 150 स्तोत्रं महिन्याच्या 30 दिवसांत, सकाळ-संध्याकाळ. 1 तारखेला सकाळी पहिली पाच, संध्याकाळी सहा ते आठ. 119वं स्तोत्र 176 वचनांचं, म्हणून ते 24च्या संध्याकाळपासून 26च्या संध्याकाळपर्यंत चालतं. या पद्धतीत थकबाकी नसते. 9 तारखेला खंड पडला आणि 14ला परत आलात, तर 14चं वाचायचं. राहिलेलं पुढच्या महिन्यात त्याच तारखेला समोर येतंच.

आमच्याकडे सकाळचा भाग नळाला पाणी येण्याआधी होतो. एकदा नळ आला की घर कुणाचंच राहत नाही. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचते, आणि आता वाटतं की खरा लाभ त्यातच झाला. मनात वाचताना डोळे पुढे पळतात, ओळखीचं वाक्य आलं की अर्ध्यावरच सोडतात. मोठ्यानं वाचताना प्रत्येक शब्दाला तोंड द्यावं लागतं. शत्रूंना शाप देणारी वचनंही ऐकणाऱ्यासमोर उच्चारावी लागतात. त्यावर सासूबाई कधी कधी थांबवतात आणि म्हणतात, "हे कुणासाठी गं?" मग आम्ही दोघी जरा वेळ बोलतो. त्यांना कित्येक स्तोत्रं पाठ आहेत. वाचन झालं की त्या ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणतात. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवीची चाल सोडली नाही. त्यामुळे त्यांची भजनं भाकरी थापतानाही तोंडात राहतात. ज्या बाईला पुस्तक धरून बसायला सवड नाही, तिच्यासाठी ही फार मोठी सोय त्यांनी करून ठेवली आहे.

या नेमाचं मोल मला कळलं ते अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, आजारपणात. अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. भेटायला येणारे सगळे आशेचं बोलायचे, प्रेमानं बोलायचे, पण मला स्वतःला प्रार्थनेत काही बोलताच येत नव्हतं. "प्रभू" म्हटलं की पुढे शब्द नाहीत. तारखेप्रमाणे वाचणं तेवढं चालू ठेवलं होतं, अण्णांच्या खाटेशी बसून. सतरा तारखेला सकाळी 86, 87 आणि 88 ही तीन स्तोत्रं येतात. 88वं हेमान एज्राहीच्या नावावर आहे. बहुतेक विलापांची स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही. आप्तमित्र दूर गेले, उरला तो अंधार, एवढं देवालाच सांगून ते संपतं. निवडून वाचत असते तर त्या दिवशी मी 23वं किंवा 121वं काढलं असतं. 88व्याला हात लावला नसता. तारखेनं ते माझ्यापुढे ठेवलं. अण्णांची नजर माझ्यावर होती. वाचून झाल्यावर त्यांनी चालत्या हाताने पुस्तकावर बोट टेकवलं. मी ते पुन्हा वाचलं. देवाच्या लोकांनी हे शब्द शास्त्रात राहू दिले, मंदिरात म्हटले, म्हणजे असं बोलणाऱ्यालाही त्याच्यापुढे जागा आहे, हे मला त्या खोलीत उमगलं. अण्णा गेल्यानंतरही प्रार्थनेतले माझे शब्द लगेच परत आले नाहीत. तोवर स्तोत्रांच्या शब्दांवर भागलं.

आमच्याकडे आध्यात्मिक वाढ म्हटलं की पुष्कळदा भरून येण्याकडे पाहिलं जातं. सभेत डोळे पाणावले, साक्ष दिली, की वाढ झाली. अशा सभांनी मलाही दिलं आहे. पण भरून येणं आपल्या हातात नसतं, आणि येत नाही तेव्हा माणूस स्वतःला कोरडा, नाकारलेला समजू लागतो. दानीएलाबद्दल शास्त्र सांगतं की राजाचा मनाई हुकूम निघाल्यावरही तो नेहमीप्रमाणे दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता. मला त्यातलं "नेहमीप्रमाणे" फार महत्त्वाचं वाटतं. संकटाच्या दिवशी त्याला नवं काही सुरू करावं लागलं नाही.

दुसरा एक नेम आम्ही मिझोरमकडून घेतला. तिथल्या ख्रिस्ती घरांत बाई स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ प्रभूच्या कामासाठी बाजूला ठेवते. 1910पासून ही रीत चालत आली आहे. त्यासाठी वेगळी वेळ काढावी लागत नाही, स्वयंपाक तर रोज होतोच. आमच्या महिला मंडळात आम्ही काही जणी तसा डबा ठेवतो. मूठ टाकताना एका घराचं नाव घेऊन प्रार्थना करायची आणि महिनाअखेरीला धान्य गरजेच्या घरी पोचवायचं. ज्या घरासाठी रोज प्रार्थना केली, त्याची विचारपूस करायला पाय आपोआप वळतात.

संध्याकाळचा भाग मुलं वाचतात, जमेल तसा. एकतीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवशी 30चाच भाग पुन्हा वाचायचा, अशी त्या प्रार्थनापुस्तकात सूचना आहे. म्हणजे वर्षातून सात महिने 147 ते 150 ही स्तुतीची स्तोत्रं लागोपाठ दोन संध्याकाळी येतात. धाकट्याला हे नेमकं ठाऊक आहे. 150व्यात वाद्यांची नावं सुरू झाली की तो खंजिरी घेतो, थोरली झांजा काढते, वाचन माझ्याकडे येतं, आणि सासूबाई मला ते जरा हळू करायला सांगतात, मुलांना वाजवायला वेळ मिळावा म्हणून.