आहुप्याची वाट

वाहनाचा वेग वाढला म्हणजे प्रवाशाचें शहाणपण वाढतें असें नाहीं. आमचेंच उदाहरण सांगतों. गेल्या कार्तिकांत आम्हीं घरच्या मंडळींसह आहुप्यास जाण्याचें ठरविलें. आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम टोंकास, सह्याद्रीच्या अगदीं कड्यावर वसलेलें महादेव कोळ्यांचें हें लहानसें गांव. येथून मावळतीच्या वेळीं खालचें कोंकण आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके फार शोभून दिसतात असें ऐकून होतों. मोटार चालविण्यास आमच्या धाकट्या बंधूंचा नातू होता. चार वर्षें तो नोकरीनिमित्त जर्मनींत आहे. दिवाळीसाठीं घरीं आला होता. जर्मनींतील राजमार्गांना वेगाची मर्यादाच नाहीं, हें आम्ही ऐकून होतों. तेव्हां आज गाडी वाऱ्यासारखी जाणार, असें आम्हीं मनाशीं धरलें.

परंतु घडलें उलटेंच. मंचर सोडून घोडेगांवावरून डिंभ्यास येईपर्यंत ऊन कलंडलें, तरी चिरंजीवांचा वेग कांहीं वाढेना. डिंभ्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनूंचें नांव आहे. ते याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत विलायती कापडाच्या लॉरीपुढें आडवे होऊन त्यांनीं प्राण दिला. ही हकीकत आम्ही मुलांना सांगत होतों, आणि सांगतां सांगतां घड्याळाकडेहि पाहत होतों.

जलाशयाच्या कांठानें पुढें रस्ता अरुंद व वळणांचा आहे. एका वळणावर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई व तिच्यामागें एक लहान मुलगी चाललेली दिसली. नातवानें गाडी पार मंद केली व कर्णाहि न वाजवितां तो त्यांच्या मागें राहिला. आमचा धीर सुटला. "अरे, सूर्य काय आपल्यासाठीं थांबणार आहे? बेबंद रस्त्यांवर गाडी हांकणारा तूं, आणि येथें बैलगाडी झालास? घाल पुढें!"

"आजोबा, वळणापलीकडचें मला दिसत नाहीं," एवढेंच तो म्हणाला.

त्याचें वाक्य पुरें होतें न होतें तोंच पलीकडून एस. टी.ची गाडी रस्त्याचा मध्य व्यापून आली. आमची गाडी जागच्या जागीं उभी राहिली, मायलेकी कडेच्या गवतांत सरकल्या, एस. टी. हातभर अंतरावरून निघून गेली. आम्ही त्या बाईस ओलांडावयास गेलों असतों तर काय झालें असतें, हें कोणीं बोलून दाखविलें नाहीं. वहिनींनीं नातवंडास जवळ ओढून घेतलें. आम्ही खिडकीबाहेर पाहूं लागलों.

आहुप्यास पोंचलों तेव्हां सूर्य बुडाला होता. रात्रीं यजमानांच्या ओसरीवर बसलों असतां आम्हीं आपण होऊन विषय काढला. नातू म्हणाला, "आजोबा, तेथें मर्यादा नाहीं ती कांहीं भागांतच. तेथेंहि ताशीं १३० किलोमीटरांची शिफारस आहेच. फ्रान्स आणि इटली येथें १३० ही सक्तीची मर्यादा. पोलंडांत १४०, स्वित्झर्लंडांत १२०, इंग्लंडांत ७० मैल, म्हणजे सुमारें ११२ किलोमीटर. हॉलंडनें तर २०२० पासून दिवसाची मर्यादा १०० वर आणली. फ्रान्सांत पाऊस पडूं लागला कीं १३० चे ११० होतात. परंतु खरी शिस्त आंकड्यांत नाहीं. जर्मनींत सगळे उजवीकडून चालतात. ओलांडावयाचें तें डावीकडूनच, आणि ओलांडून होतांच पुन्हा उजवीकडे यावयाचें. वाहतूक तुंबली तर सर्वांत डावी रांग डावीकडे व बाकीच्या उजवीकडे सरकतात. मध्यें रुग्णवाहिकेस वाट मोकळी राहते. ती कोणीं मागावयाची नसते."

आपला पुणें-मुंबई द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. लांबी सुमारें ९५ किलोमीटर. सपाटीवर मोटारीस मर्यादा १००, घाटांत पुष्कळच कमी. मार्ग उत्तम आहे. परंतु ज्या रांगेंतून इतरांनीं पुढें जावयाचें तींतच एखादा मालट्रक निवांत चालला आहे, आणि मागचे लोक त्रासून भलत्याच बाजूनें त्याला ओलांडीत आहेत, हा देखावा तेथें कोणीं पाहिला नाहीं? मार्ग बांधला म्हणून वाट देण्याची विद्या आपोआप येत नाहीं.

नातवाचें बोलणें ऐकतां ऐकतां आम्हांस मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांतील एक श्लोक आठवला. वाट कोणास द्यावी हें त्यांत सांगितलें आहे: वाहनांत बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, भार वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि वर. पुढच्याच श्लोकांत, राजा व स्नातक समोरासमोर आल्यास राजानें स्नातकास मान द्यावा, असें आहे. त्या ग्रंथांतील इतर गोष्टींविषयीं मतभेद असोत. हा श्लोक आम्हांस बाळपणापासून मुखोद्गत. आणि डोक्यावर भार घेतलेली स्त्री पुढें चालली असतां, म्हणजे त्या यादींतील दोघे एकाच देहांत समोर असतां, आम्ही "घाल पुढें" म्हणून ओरडलों! श्लोक आमच्या जिभेवर होता. नातवाच्या तो पायांत होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, खोपिवलीकडे उतरणारी घाटवाट पाहावयास कड्यापाशीं गेलों. धुकें नुकतेंच विरत होतें. खालून एक माणूस पाठीवर पोतें घेऊन चढत होता. वरून एक तरुण मोकळ्या हातांनीं उतरत होता. तरुण खडकास पाठ लावून उभा राहिला, पोतेंवाला पुढें आला, आणि दोघेहि आपापल्या वाटेनें गेले. तेथें पाटी नव्हती, दंड नव्हता, कोणीं कोणाचे आभारहि मानले नाहींत.

परततांना आम्ही पुढच्या आसनावर बसलों आणि मंचर येईपर्यंत घड्याळ खिशांतून काढलें नाहीं.